साध्या मजकुराचे मोठेपण

(नील स्टीफन्सन यांच्या एका निबंधाच्या निमित्ताने)

संगणकासंबंधीच्या पुस्तकाचे परीक्षण वाङ्मयीन मासिकात कशासाठी, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात उभा राहील. यंत्रांविषयीची पुस्तके यंत्रांबरोबरच जुनी होतात आणि यंत्रांबरोबरच रद्दीत जातात. त्यांचे आयुष्य दोन-चार वर्षांचे, आणि त्यांची भाषा बहुधा माहितीपत्रकाची. सामान्यतः हे खरेच आहे. परंतु या नियमाला जे थोडे अपवाद आहेत, त्यांत अमेरिकन कादंबरीकार नील स्टीफन्सन यांच्या 'इन द बिगिनिंग वॉज द कमांड लाइन' या १९९९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या प्रदीर्घ निबंधाची गणना करावी लागेल. ज्या यंत्रांविषयी तो लिहिला गेला, ती यंत्रे केव्हाच भंगारात गेली. तरीही निबंध वाचनीय राहिला आहे. याचे कारण असे की, यंत्र हे त्याचे केवळ निमित्त आहे. मनुष्याने लिहिलेले शब्द अखेर कोणाच्या ताब्यात असतात, हा त्याचा खरा विषय होय. आणि या विषयाला वाङ्मयाच्या मासिकात जागा नसेल तर ती अन्यत्र कोठे असणार? शिवाय, बदलीच्या गावी बसून मराठी लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न इतरांहून थोडा अधिक जवळचा आहे. तो कसा, हे दाखविण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

स्टीफन्सन हे मूळचे कादंबरीकार. 'स्नो क्रॅश' (१९९२) आणि 'क्रिप्टोनॉमिकॉन' (१९९९) या त्यांच्या कादंबऱ्या इंग्रजी वाचकांना परिचित आहेत. संगणक हा त्यांच्या आवडीचा विषय, आणि या निबंधात ते बोलतात ते एका हौशी जाणकाराच्या नात्याने. शाळकरी वयात टेलिप्रिंटरसारख्या यंत्रापुढे बसून, दूरच्या एका मोठ्या संगणकाला अक्षरांत आज्ञा टंकून त्यांनी या विद्येचा श्रीगणेशा केला. शीर्षकातील 'कमांड लाइन' ती हीच. एक रिकामी ओळ असावी, तिच्यावर माणसाने आज्ञा टंकावी आणि यंत्राने ती पाळून उत्तरही अक्षरांतच द्यावे, असा हा व्यवहार. १९८४ मध्ये ॲपल कंपनीचे मॅकिन्टॉश यंत्र बाजारात आले आणि सामान्य माणसाच्या दृष्टीने ही ओळ मागे पडू लागली. तिच्या जागी चित्रे, खिडक्या आणि माउसचा बाण आला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या प्रारंभाची आठवण देणारे शीर्षक योजून लेखकाला सुचवावयाचे आहे ते असे की, आधी शब्द होता, चित्र नंतर आले. आणि चित्राच्या पाठीमागे अजूनही शब्दच राबत आहे.

निबंधाचा सर्वांत गाजलेला भाग म्हणजे मोटारींच्या दुकानांचे रूपक. एका चौकात चार विक्रेते आहेत. पहिल्याचे दुकान सर्वांत मोठे. तो पूर्वी सायकली विकीत असे, आता बोजड मोटारी विकतो. त्या वारंवार बिघडतात, तरी खप त्यांचाच. ही मायक्रोसॉफ्ट. शेजारच्या ॲपलच्या दुकानातील गाड्या देखण्या आणि महाग, पण त्यांचे यंत्र कुलूपबंद. तिसरा विक्रेता 'बी' नावाच्या कंपनीचा. त्याच्या गाड्या विलक्षण, पण गिऱ्हाईक नाही. चौथे तर दुकानच नाही. मोकळ्या माळावर राहुट्या टाकून काही हौशी मंडळी उत्तम रणगाडे तयार करीत आहेत आणि किल्ली आतच ठेवून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट देत आहेत. हे लिनक्स, हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ज्याचा गाभा लिहिला ती कार्यप्रणाली. गिऱ्हाईक मात्र रणगाड्याकडे पाठ फिरवून मोटारीच्याच दुकानात शिरते. रणगाडा दुरुस्त करता येत नाही, अशी त्याची तक्रार. आणि मोटार तरी तुला कोठे दुरुस्त करता येते, असे विचारले म्हणजे ते चिडते.

या रूपकातील विनोद निर्मळ आहे आणि निरीक्षण मार्मिक आहे. परंतु लेखकाच्या बुद्धीची खरी चमक दिसते ती रूपकांवरच त्यांनी केलेल्या टीकेत. संगणकाच्या पडद्यावरील 'डॉक्युमेंट', 'फोल्डर', 'सेव्ह' हे सारे शब्द कागदी कचेरीतून उसने घेतलेले आहेत. कागदावरचा दस्तऐवज एकदा लिहिला की तो असतो. तो नाहीसा करावयाचा तर फाडावा किंवा जाळावा लागतो. पडद्यावरचा दस्तऐवज यंत्र एकदा अडखळले की, कधी लिहिलाच नव्हता अशा रीतीने अदृश्य होऊ शकतो. म्हणजे नाव तेच आणि वस्तू दुसरीच. ज्या क्षणी ही फसगत ध्यानात येते त्या क्षणीच्या धक्क्यासाठी स्टीफन्सन यांनी एक नवा शब्दही बनविला आहे. सरकारी कचेरीत काम करणाऱ्या वाचकाला हा मुद्दा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या कचेरीतील खऱ्या फाइलला क्रमांक असतो, तिची टिपणाची बाजू आणि पत्रव्यवहाराची बाजू निराळी असते. कोणी, कोणत्या तारखेस, काय लिहिले आणि वरिष्ठांनी त्यावर काय शेरा मारला, हे पान उलटताच दिसते. खोडलेलेही दिसते. पडद्यावरची सामान्य फाइल हिचे केवळ नाव घेते. कालचे वाक्य आज बदलले तर कालच्या वाक्याची खूणही ती मागे ठेवीत नाही. शब्द उसना घ्यावा आणि त्या शब्दामागची जबाबदारी घेऊ नये, हा दोष लेखकाने अचूक हेरला आहे.

दुसरा उत्कृष्ट भाग भोके पाडण्याच्या यंत्राचा. घरगुती ड्रिल यंत्र हलके आणि गोंडस असते. अडचण आली की ते थांबते. बांधकामावरचे कसबी लोक वापरतात ते 'होल हॉग' नावाचे यंत्र तसे नाही. ते सांगितलेले काम करणारच. मध्ये काय आले, धरणाऱ्याचे मनगट पिरगळले की काय, याची ते पर्वा करीत नाही. धोका यंत्राच्या बिघाडात नसतो, वापरणाराने पुढचा विचार न करण्यात असतो. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी जिचा पाया घातला, ती युनिक्स प्रणाली लेखकाच्या मते अशी आहे. तिला ते एखाद्या कंपनीचा माल मानीत नाहीत; पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या गिलगमेशाच्या महाकाव्याशी ते तिची तुलना करतात. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीचा असाच इतिहास आहे. ती कोणी रचिली हे कोणी सांगू शकत नाही. प्रत्येक घरी तिच्यात एखादा शब्द पालटला, एखादा चरण वाढला, आणि जो बदल गळ्यात बसला तो टिकला. संगणकाच्या आज्ञांच्या संग्रहाकडे लोकवाङ्मय म्हणून पाहणे, ही दृष्टी एका ललित लेखकालाच सुचावी.

येथपर्यंत लेखकाशी मतभेद होण्याचे कारण नाही. तो होतो, तो लेखक यंत्राकडून माणसाकडे वळल्यावर. फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डमध्ये त्यांनी एक कृत्रिम भारतीय अवशेष पाहिला. कोणा राजाने बांधलेल्या आणि पुढे ओसाड पडलेल्या वास्तूचे हे अनुकरण. पावसाने झिजलेले दगड, पोपडे धरलेले रंग, सारे काही कारागिरांनी मुद्दाम घडविलेले. प्रत्यक्ष भारतातील कोणत्याही इमारतीपेक्षा ही वास्तू आपल्या कल्पनेतील भारतीय अवशेषासारखी अधिक दिसते, असे ते म्हणतात. यावरून ते अनुमान काढतात की, बहुसंख्य लोकांना प्रत्यक्ष वस्तू नको असते, कोणी तरी नीटनेटकी करून पुढे मांडलेली तिची प्रतिमा हवी असते; आणि चित्रांचा संगणक लोकप्रिय झाला तो याच कारणामुळे. पुढे एच. जी. वेल्स यांच्या 'द टाइम मशीन' (१८९५) या कादंबरीतील दोन जाती ते उसन्या घेतात. वर उजेडात बागडणारे अजाण एलॉय, आणि खाली अंधारात यंत्रे चालविणारे मॉरलॉक. आजच्या जगात थोडे मॉरलॉक सारे काही चालवितात आणि असंख्य एलॉय त्यांनी रंगविलेल्या चित्रांवर समाधान मानतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

या निष्कर्षात तथ्य नाही असे नाही. पण तो अपुरा आहे, आणि त्याचे अपुरेपण निबंधाच्या मध्यवर्ती विचारातूनच दाखविता येते. म्हणून आधी तो विचार पाहिला पाहिजे.

१९९५ च्या सुमारास स्टीफन्सन यांच्या मॅकिन्टॉशने त्यांची एक मोठी आणि महत्त्वाची फाइल अशी नष्ट केली की, ती शोधून काढणाऱ्या उपकरणांनाही तिचा मागमूस लागला नाही. या घटनेनंतर ते लिनक्सकडे वळले. परंतु याहून अधिक बोलका आहे तो दुसरा अनुभव. १९८० नंतरच्या दशकात 'वर्ड' या लेखन-सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या आपल्या जुन्या फाइली त्यांनी काही वर्षांनी त्याच सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत उघडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्या उघडेनात. निव्वळ मजकूर म्हणून उघडल्या तेव्हा त्यांचे शब्द सापडले, पण निरर्थक चिन्हांच्या आणि रिकाम्या चौकोनांच्या गर्दीत विखुरलेले. व्यापारी पत्रे लिहिणाराला ही केवळ कटकट वाटेल. ज्याचे आयुष्य शब्दांवर उभे आहे त्याला मात्र यात भय वाटले पाहिजे. आपण लिहिलेले वाचावयाचे तर दुसऱ्या कोणाच्या तरी दुकानातून दर काही वर्षांनी नवी किल्ली विकत आणावी लागणार, याचा अर्थ तो दस्तऐवज आपला नव्हेच. यावर लेखकाने शोधलेला उपाय अत्यंत साधा आहे. सजावट, टंकाचा आकार, रंग, समास हे सारे बाजूला ठेवून निव्वळ मजकूर लिहावा. प्रत्येक अक्षराचा ठरलेला एक क्रमांक, याखेरीज ज्यात काही नाही असा. तो कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही सॉफ्टवेअरने, कितीही वर्षांनी वाचता येतो.

निबंधातील हा सर्वांत मोलाचा विचार आहे, आणि माझी हरकतही नेमकी येथेच आहे. कोणत्याही यंत्रावर वाचता येणारा हा साधा मजकूर कोणाचा? लेखकाच्या दृष्टीसमोर असलेला मजकूर ॲस्की या संकेतातील आहे. १९६३ साली अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झालेल्या या संकेतात एकूण १२८ जागा आहेत आणि त्यांपैकी छापता येण्याजोगी चिन्हे ९५. रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांनी त्या भरल्या. देवनागरीला तेथे उभे राहण्यापुरतीही जागा नव्हती. म्हणजे ज्या काळात स्टीफन्सन शब्दाचे राज्य होते असे म्हणतात, त्या काळात आपला शब्द त्या राज्याच्या वेशीबाहेर होता. कमांड लाइन हे यंत्राचे विवस्त्र सत्य आणि चित्र म्हणजे त्यावरचे रंगकाम, असे ते मानतात. मराठी माणसाच्या बाजूने पाहिले तर कमांड लाइन हाही एक मुखवटाच होता, आणि तो रोमन चेहऱ्यावरच बसत होता.

आपली लिपी घराघरांतील संगणकात शिरली ती लेखकाने ज्याला कमी लेखले त्या चित्राच्या दाराने. आणि त्यामुळेच ती एका विचित्र वेषात शिरली. फॉन्ट तयार करणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रे चिकटविली. हिंदी टंकलेखनासाठी प्रचारात आलेल्या कृतिदेव फॉन्टचे उदाहरण घ्या. त्यात 'काम' हा शब्द लिहिला म्हणजे यंत्राच्या स्मरणात 'डी', 'के', 'ई' ही तीन रोमन अक्षरे जातात. 'डी'च्या जागी क चे चित्र, 'के'च्या जागी कान्याचे आणि 'ई'च्या जागी म चे चित्र दिसते, इतकेच. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती फाइल उघडली की चित्राचा पडदा उडतो आणि अर्थहीन रोमन अक्षरे उरतात. शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव, प्रत्येकाची मांडणी निराळी. एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्याला वाचता येत नसे. शोध घ्यावा तर शब्द सापडत नसे आणि अकारविल्हे यादी करावी तर क्रम लागत नसे. कारण यंत्राच्या लेखी तेथे देवनागरी नव्हतीच. ज्यांची दर तीन वर्षांनी बदली होते, आणि ज्यांना प्रत्येक ठिकाणी नवे यंत्र वाट्यास येते, त्यांच्या कविता, घराण्याच्या वंशावळी, वडिलांच्या आठवणी लिहून ठेवलेली टिपणे यांचे काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. एका कचेरीत मी अशा फाइलींचे अख्खे कपाट पाहिले आहे. चकत्यांवर नावे सुवाच्य अक्षरांत लिहिलेली, आणि आतला मजकूर कोणालाही न उमगणारा.

महाराष्ट्राला हे दुःख अपरिचित नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालात बांधलेले असंख्य मोडी कागद आहेत. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, म्हणून त्यांतले थोडे आपल्यापर्यंत पोचले. बाकीचे कागद शाबूत आहेत, शाईही टिकली आहे; पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी नित्य व्यवहारातून गेली, आणि आज तो कागद हातात घेतलेल्या सामान्य मराठी माणसाला स्वतःच्या पणजोबांचे पत्र वाचण्यासाठी जाणकाराचे घर गाठावे लागते. मोडीच्या बाबतीत हे घडण्यास काही पिढ्या लागल्या. फॉन्टच्या बाबतीत ते दहा-पंधरा वर्षांत घडले, आणि तेही आपल्याच हाताने लिहिलेल्या मजकुराच्या बाबतीत.

ही कोंडी फुटली कशी, हे पाहिले म्हणजे एलॉय आणि मॉरलॉक यांच्या विभागणीतील उणीव ध्यानात येते. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या संशोधनातून भारतीय लिप्यांसाठी इस्की हा संकेत घडला. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याला मानक म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात इस्कीच्या १९८८ च्या मांडणीचा आधार घेऊन देवनागरीला स्वतंत्र १२८ जागा देण्यात आल्या, म्हणजे ॲस्कीने साऱ्या व्यवहाराला दिल्या होत्या तितक्या. पुढे पुष्कळ बारीकसारीक काम झाले. मराठीला 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द निराळे लिहावे लागतात. एकात समुद्र आहे, दुसऱ्यात डोंगरांमधील खोल जागा. त्यासाठी ऱ ची व्यवस्था करावी लागली. 'ॲ' या अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळावयास २००८ साल उजाडावे लागले. मोडीला तो २०१४ मध्ये मिळाला. २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हा मानक संकेत ठरविला. हे सारे कोणी केले? समित्यांनी. प्रस्ताव, टिपणे, हरकती, सुधारित मसुदे, आणि पुन्हा हरकती, अशा मार्गाने. यात शौर्यकथा नाही, आणि म्हणूनच कादंबरीकाराच्या नजरेत ते भरत नाही.

या कथेत एक भाग मात्र स्टीफन्सन यांनाही आवडावा असा आहे. युनिकोडचे मोठे क्रमांक जुन्या साध्या मजकुराच्या चाकोरीत बसवावयाचे कसे, हा प्रश्न उरला होता. १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात बसून केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी त्याची रीत शोधून काढली. तिला यूटीएफ-८ म्हणतात. तीत रोमन अक्षराला पूर्वीप्रमाणे एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. 'काम' हा शब्द आता नऊ बाइटांत लिहिला जातो. पण तो 'काम' म्हणूनच लिहिला जातो. युनिक्सचा पाया घालणाऱ्या दोघांपैकीच एकाने हे दार उघडावे, हा योग मोठा सुंदर आहे. लेखकाने ज्या साध्या मजकुराचे गुणगान केले तो मजकूर या दिवसापासून खऱ्या अर्थाने सर्वांचा होण्याच्या मार्गाला लागला. त्याआधी त्याचे मोठेपण इंग्रजीपुरते होते.

तेव्हा माझे म्हणणे इतकेच की, वेल्सच्या दोन जातींमध्ये एक तिसरी जात आहे आणि लेखकाला तिचा विसर पडला आहे. ही जात नोंदी ठेवणाऱ्यांची. तिला यंत्राचे अंतरंग ठाऊक नसते, आणि ती चित्रांवर भाळूनही जात नाही. आज लिहिलेले उद्या दुसऱ्या माणसाला, दुसऱ्या गावी, वाचता आले पाहिजे, एवढाच तिचा आग्रह असतो. प्रत्येक कागदाला क्रमांक हवा, क्रमांक एकाचा दुसऱ्याला लागू नये, आणि एकदा दिलेला क्रमांक बदलू नये, हा आपल्या आवक-बारनिशीचा नियम. युनिकोडचा मूलभूत नियमही दुसरा काही नाही. कचेरीतील कारकुनाची जगाने पुष्कळ थट्टा केली आहे आणि ती काही अंशी रास्तही आहे. परंतु शब्द टिकविण्याच्या कामी वीरांच्या स्फूर्तीइतकीच कारकुनाची चिकाटीही कामास आली, ही गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे.

निबंधानंतर काय घडले, तेही पाहणे उचित होईल. 'बी' कंपनीचा व्यवसाय २००१ मध्ये पाम कंपनीने विकत घेतला आणि चौकातील एक दुकान बंद पडले. त्याच वर्षी ॲपलने युनिक्सच्या पायावर उभारलेली नवी प्रणाली आणली. वर चित्र आणि आत कमांड लाइन. स्टीफन्सन यांनी तिचा स्वीकार केला आणि आपल्या निबंधातील पुष्कळसा भाग कालबाह्य झाला असल्याचे २००४ मध्ये स्वतःच सांगून टाकले. इतके करूनही 'बरोक सायकल' या आपल्या प्रचंड कादंबरीमालेचे हस्तलिखित त्यांनी टाकाने, कागदावर लिहिले. साध्या मजकुराच्या कैवाऱ्याने त्याहूनही साधे साधन निवडावे, यात विसंगती नाही. आपल्या विचाराला तो प्रामाणिक राहिला असेच म्हणावे लागेल.

कार्यप्रणाली विकून पैसा मिळविण्याचे दिवस संपत आले आहेत, असे भाकीत त्यांनी केले होते. ते एका परीने खरे ठरले, पण त्यांना अपेक्षित नव्हते अशा रीतीने. माळावरच्या रणगाड्याचे इंजिन २००८ पासून अँड्रॉइडच्या रूपाने कोट्यवधी लोकांच्या खिशात गेले. ते फुकट मिळते, परंतु किल्ली आत ठेवलेली नसते. आपले फोटो, पत्रे आणि टिपणे कोठे साठविली जातात, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. आपल्या सरकारनेही मुक्त सॉफ्टवेअरचा विचार केला. सी-डॅकने २००७ मध्ये लिनक्सवर आधारलेली 'बॉस' प्रणाली सिद्ध केली आणि २०१५ मध्ये केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. धोरण आणि टेबल यांच्यातील अंतर किती असते, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगावयास नको.

निबंधाचा शेवट विश्वोत्पत्तीच्या कल्पनाविलासात होतो. निसर्गाचे मूलभूत स्थिरांक कमांड लाइनवर टंकून, करंगळीने कळ दाबून विश्वे निर्माण करणारा एक परमेश्वर त्यांनी रंगविला आहे. हा भाग मला ताणलेला वाटला. रूपकांच्या फसवेपणावर इतके सुंदर लिहिणाऱ्याने अखेर स्वतःच एका भव्य रूपकाच्या आहारी जावे, हा निबंधाचा कलात्मक दोष आहे. त्याची रचनाही पाल्हाळिक आहे; विषयांतरे पुष्कळ, आणि त्यांतील काही केवळ चुरचुरीत वाक्याच्या लोभाने केलेली. पण ज्या निष्कर्षाशी ते थांबतात, तो विसरण्याजोगा नाही. निवड करण्याचे कष्ट आपण घेतले नाहीत तर आपल्या वतीने दुसरा कोणी तरी निवड करतो, आणि मग त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचा आपला अधिकार राहत नाही.

हा निबंध मराठी वाचकाने मुळातून वाचावा, आणि वाचताना आपल्या लिपीचे स्मरण ठेवून वाचावा. त्यातील रूपके जुनी झाली असली तरी त्यातील कसोटी जुनी झालेली नाही. आपण लिहिलेले आपल्याला, कोणाची परवानगी न मागता, पुन्हा वाचता येते काय? ज्यांच्या जवळ जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर अद्याप पडून असेल, त्यांनी ही कसोटी आजच लावून पाहावी. त्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आज उपलब्ध आहेत. ती नेहमीच राहतील असे धरून चालू नये. रूपांतर झाल्यावर दर्या आणि दऱ्या, ळ आणि ल, जोडाक्षरे आणि अनुस्वार डोळ्यांखालून घालावेत, कारण यंत्र तेथेच चुकते. मग तो मजकूर सजावट काढून, साधा मजकूर म्हणून, दोन निरनिराळ्या ठिकाणी जपून ठेवावा. पुढच्या बदलीचा हुकूम येण्यापूर्वी एवढे झाले तर उत्तम.